छर्रे दुसऱ्या घोड्यावर

जुन्नरहून परत आल्यापासून आमच्या अलिबागेत जो भेटेल तो विचारतो, "शिवनेरी चढलात का?" नाही चढले. एसटीतून बघितला, आणि एकदा टपरीवर हातातला चहा थंड होईपर्यंत बघितला. पण या चार दिवसांतलं मला जे सांगायचंय ते गडाचं नाही, एका काळ्या बॅगेचं आणि ती भरणाऱ्या सासू-सुनेचं आहे. ज्यांना लेण्यांची माहिती हवी असेल त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं. मी लेण्याद्री अर्धीच बघून धावत खाली आले, आणि का ते पुढे येईलच.

जाण्याचं कारण साधं होतं. माझी मुलगी बंगळूरला नोकरी करते. तिच्याच ऑफिसात निलेश नावाचा आंबेगाव तालुक्यातला मुलगा आहे. मला लेणी बघायची हौस दांडगी आणि आमच्या घरात सोबत यायला कुणी तयार नाही. निलेश म्हणाला, "काकू, हॉटेलात कशाला उतरता? आमच्या घरी जा. आईला तेवढीच सोबत. तिला दिवसभर करमत नाही." या शेवटच्या वाक्यात किती तथ्य होतं ते मला तिथे गेल्यावर कळलं.

आळेफाटा

पाऊस उघडला होता आणि माळशेजच्या माथ्यावर अजून सोनकीची पिवळी फुलं टिकून होती. घाट चढून एसटी सपाटीला लागली आणि माझ्या बॅगेची चेन फाटली. आमच्या कोकणातली रीत अशी, की पाहुणी म्हणून जाताना अर्धं घर बरोबर न्यायचं. पाच नारळ, आमसुलं, तांदळाचे पापड, दोन छत्र्या, आणि औषधांची पिशवी एवढी की त्यात एखादं गाव बरं व्हावं. त्यातला एक नारळ निसटून गडगडत थेट ड्रायव्हरच्या पायाशी गेला. कंडक्टरने तो हातात धरून सगळ्या गाडीला विचारलं, "नारळ कुणाचा?" मी हात वर केला तेव्हा पुढच्या बाकावरचे दोघे पोट धरून हसले.

आळेफाट्याला गॅरेजं, ट्रक, भज्यांच्या कढया आणि नाशिककडे जाणाऱ्या गाड्यांची ओरड असा सगळा गजबजाट. निलेशचे वडील टोमॅटोचा माल उतरवून पिकअप घेऊन आले होते. माणूस अबोल. माझी बॅग उचलून गाडीत टाकली आणि घोडेगावच्या अलीकडे त्यांची वस्ती येईपर्यंत एकच प्रश्न विचारला, "पावणं, एवढं वझं कशापायी?"

वस्तीवर

घर नवं, स्लॅबचं. समोर झेंडू, मागे ऊस. उसाकडे अंधार पडल्यावर जायचं नाही, हे मला चपला काढायच्या आत सांगण्यात आलं. बिबट्याचं नाव तिथे आपण पावसाचं घेतो तितक्या सहज घेतात. घरात निलेशची आई अलकाताई, पन्नाशीच्या जवळ आलेल्या, उंच, सावकाश बोलणाऱ्या, आणि त्यांची सासू. सासूला सगळे आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्या म्हणू लागले. या घराण्याची मेंढरं होती. आत्यांचं अर्धं आयुष्य वाड्यामागे, म्हणजे कळपाबरोबर चालणाऱ्या बिऱ्हाडामागे, चालण्यात गेलं. आता शेती आहे, मेंढरं फक्त अलकाताईंच्या धाकट्या दिराकडे.

संध्याकाळी शेजारच्या बाया एकेक करून मला बघून गेल्या. एकीने शेवटी विचारलंच, "पोरीची उंची किती?" वस्तीने ठरवून टाकलं होतं की मी मुलीसाठी घर बघायला आलेय. माझ्या मुलीला दोन वर्षांची नात आहे असं मी घाईघाईत म्हणून गेले आणि मग नात माझी, मुलगी तिची, असा उलगडा करता करता भाकरी थंड झाली. जेवायला मासवडी होती. कोकणातल्या माणसाने ताटात मासा शोधू नये. ती बेसनाची असते, आत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि रस्सा असा की मी नाक पुसत तीनदा वाढून घेतला. आत्या म्हणाल्या, "लई जेवली. बरी हाय बाई." त्या घरात मी पास झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरामागून आवाज आला. टप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टप्. मला राहवलं नाही, मी गेले.

मागे कांद्याची चाळ आहे. आमच्याकडे चाळ म्हणजे भाडेकरू; इथे चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबलचक, अरुंद शेड, दोन्ही बाजूंना वारा खेळावा म्हणून फटींच्या भिंती. कांदा विकून झाला होता. रिकाम्या चाळीच्या त्या टोकाला फळीवर कागदाचं लक्ष्य, वर एक बल्ब, आणि या टोकाला अलकाताई. नऊवारी नव्हे, रोजचीच सहावारी, पदर खोचलेला, पायात सपाट कॅनव्हासचे बूट, चष्म्याच्या डाव्या काचेवर पुठ्ठा चिकटवलेला. उजवा हात सरळ समोर आणि हातात हवेचं पिस्तूल. डावा हात कमरेला खोचलेला. मी खोकले. त्यांनी वळून पाहिलं नाही. हात खाली आला, पिस्तूल टेबलावर ठेवलं गेलं, आणि मग त्या वळल्या.

"निलेशला म्हाईत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमी सांगू नका."

हकिगत अशी. निलेश अवसरीला इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याने हे पिस्तूल एका मित्राकडून घेतलं, वर्षभर हौस केली आणि नोकरी लागल्यावर कपाटात ठेवून गेला. जाताना आईला सांगून गेला, अधूनमधून तेल-पाणी कर. "पुसता पुसता उचाललं," अलकाताई म्हणाल्या. "उचाललं तर वाटलं, धरून तर बगू." धरून बघण्याला आता दोन वर्षं झाली होती. मूठ निलेशच्या पंजाची होती, मोठी. त्यांनी लाकडाचा भुसा आणि डिंक थापून, कानशीने घासून ती स्वतःच्या हाताची करून घेतली होती.

मी शहाणपणाने विचारलं, "लहानपणी गोफण चालवली असेल, म्हणून नेम चांगला."

त्या खळखळून हसल्या. "समदे हेच इचारत्यात, ताई. गोफणीला आंग गरागरा फिरवायचं आसतं. हितं आंग गप उभं करायचं. गोफणवाला हितं पयला हारतो."

"आणि बिबट्या आला तर?"

"ह्यानं बिबट्याला गुदगुल्या बी व्हायच्या न्हाईत."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली, आणि माझं हसू गेलं. निलेशचा एक मित्र रविवारी पिस्तूल न्यायला येणार होता. नुसतं पडून आहे, वापरेल तरी कुणी, म्हणून निलेशने परस्पर देऊन टाकलं होतं. आणि शनिवारी, म्हणजे आदल्याच दिवशी, जुन्नरजवळ एक निवृत्त सुभेदार नेमबाजीचा सराव घेतात तिथे अलकाताईंना बोलावलं होतं. साठ गोळ्यांचा पूर्ण डाव, प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त दहा गुण. पाचशे वीसच्या वर गेल्या तर सुभेदार त्यांचं नाव राज्याच्या स्पर्धेला पाठवणार होते. चाळीत त्यांनी ते अनेकदा केलं होतं. चार माणसांत एकदाही नाही.

"मग आत्ताच सांगा ना निलेशला, की देऊ नको म्हणून," मी म्हणाले.

"काय सांगू? आई खेळती म्हणून? त्यो हासंल. आईला करमत न्हाई म्हनंल. पाचशे वीस झालं तर सांगीन. न्हाई झालं तर पुसून त्याच्या दोस्ताच्या हातात दीन."



बॅग भरताना

शुक्रवारी संध्याकाळी ओटीवर घोंगडी अंथरली आणि अलकाताईंनी सगळं सामान तीवर मांडलं. मी आयुष्यभर प्रवासाच्या बॅगा भरल्या, म्हणजे कोंबल्या. असं भरणं बघितलं नव्हतं. त्या तोंडाने सरावाचा अख्खा दिवस सांगत होत्या आणि हात उलट्या क्रमाने चालत होते. "परत येताना लागंल ती चादर तळाला. मधी भूक लागंल, केळी आन शेंगदाण्याचा लाडू. डाव चालू आसताना पाणी, रुमाल. त्याच्या आदी चष्मा, आवाज आडवायचं कानातलं बोंडूक. त्याच्या आदी बूट. आन दारात गेल्या गेल्या पिस्तूल दावावं लागतंय, रिकामं हाय म्हणून, म्हणून ते समद्यात वर." पिस्तुलाच्या नळीतून नारिंगी दोरा आरपार ओवलेला होता, तो दिसला की समजायचं आत काही नाही. छोटा स्क्रू-ड्रायव्हर, नळी साफ करायची लोकरीची बोंडं, पेन्सिल, सुई-दोरासुद्धा. सुई-दोरा कशाला, मी विचारलं. "बाईची जात, ताई. ब्लाऊजची शिवण ऐन वक्ताला उसवती. हात वर धरायचा आसतो." पुरुषाने भरलेल्या बॅगेत हे निघालं नसतं.

छर्ऱ्यांचे, म्हणजे या पिस्तुलाच्या शिशाच्या गोळ्यांचे, दोन चपटे डबे त्यांनी पिस्तुलाशेजारी ठेवले. तिथे आत्यांनी हरकत घेतली. त्या इतका वेळ भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"आलके, दोनी एका जागी नगं."

"का वं आत्या?"

"वाडा चालायचा तवा पीठ एका घोड्यावर आन भाकरीचा तवा दुसऱ्या घोड्यावर. समदं एका घोड्यावर घातलं आन घोडं वढ्यात पडलं, तर पोरं उपाशी. म्या चाळीस वरीस बिऱ्हाड लादलं. एकदा बी चूल आडली न्हाई."

"आत्या, हितं कुठं आलाय वढा?" अलकाताई हसल्या आणि त्यांनी बॅगेची चेन लावली. मला मात्र आत्यांचं म्हणणं फार आवडलं. माझे पाचही नारळ एकाच घोड्यावर होते, म्हणून तर एसटीत शोभा झाली.

लेण्याद्री

शनिवारी सकाळी आम्ही दोघी जुन्नरच्या एसटीत बसलो. ठरलं असं की स्टँडवर उतरून अलकाताई सरावाला जातील, मी लेण्याद्री करीन आणि त्यांचा डाव सुरू व्हायच्या बेताला येईन. बॅग त्यांच्या मांडीवर होती. रात्री तपासलेली बॅग सकाळी पुन्हा उघडायची नाही, हा त्यांचा नियम. उघडली की मन चाळवतं म्हणे.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मी दर वळणावर थांबून मागचा मुलूख बघत होते. हिरवे-पिवळे चौकोन, मधून कुकडीचं पाणी, आणि समोर शिवनेरी आडवा पसरलेला. वर चैत्यात शिरले, खांबांवरचे हत्ती-सिंह बघून मान दुखायला लागली, आणि आनंदाने बाहेर येऊन कठड्याला टेकले. तेवढ्यात माकडाने माझी खांद्यावरची पिशवी ओढली. मी किंचाळले. त्याने आत हात घालून लाल फडक्याचं एक गाठोडं काढलं, हुंगलं, कठड्यावर दोनदा आपटलं, आणि खाण्याचं नाही असं दिसल्यावर माझ्याच पुढ्यात टाकून गेलं.

माझ्याकडे लाल फडकं नव्हतं. मी गाठ सोडली. आत छर्ऱ्यांचे दोन चपटे डबे.

मला क्षणात सगळं दिसलं. पहाटे मी आंघोळीला गेले असताना आत्यांनी सुनेच्या बॅगेतून डबे काढून माझ्या पिशवीत घातले होते. दोघी बरोबरच जाणार, असं त्या समजून होत्या; मी मध्येच लेण्यांना जाणार हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दुसरं घोडं म्हणजे मी होते. आणि घोडं डोंगरावर चढून हत्ती-सिंह बघत बसलं होतं.

फोन लावला तर बंद. सरावाच्या ठिकाणी फोन बंद करून एका टोपलीत ठेवावे लागतात. त्या पायऱ्या मी कशा उतरले ते माझ्या गुडघ्यांना विचारा. ते अजून बोलतात. खाली रिक्षावाला आरामात वडा खात होता.

"भाऊ, लवकर चला. छर्रे पोचवायचेत!"

"छर्रे? बिबट्या मारायला निघाला काय, मावशी?"

मी धापा टाकत त्याला सांगितलं. अर्धा वडा त्याने कागदात गुंडाळून खिशात घातला. "आदी न्हाई का सांगायचं? आपल्या भागातली बाई हाय राव!" आणि मग त्याने जी रिक्षा काढली, तीत मी देवाचं नाव घेऊन डोळे मिटून बसले.

मंगल कार्यालयात

सुभेदारांचा सराव चालतो तो एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. तुळशीच्या लग्नानंतर तिथे पंगती उठतात, तोवर नेमबाजी. भिंतीवर अजून 'अन्न वाया घालवू नका' असं लिहिलेलं आहे आणि त्याच्याखाली लक्ष्यांची रांग. मला वाटलं होतं, अलकाताई रडवेल्या होऊन दारात उभ्या असतील. त्या एका कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभ्या होत्या. रिकामं पिस्तूल वर, थांब, खाली. वर, थांब, खाली. सुभेदार मला हळूच म्हणाले, "आल्यापासून हेच चाललंय. बाकीच्यांनी त्यांचे छर्रे देऊ केले. म्हणाल्या, माझ्या नळीला दुसरा मानवत नाही, मला शेवटची पाळी द्या. सगळे खेळून झाले, आता त्यांचीच वाट."

मी गाठोडं पुढे केलं. अलकाताईंनी फडकं ओळखलं.

"आत्यांचं काम. मला वाटलंच," त्या म्हणाल्या. मग मला पाणी दिलं. मला! त्यांच्याच बॅगेतलं, रुमालाशेजारी ठेवलेलं.

पण माकडाने आपटल्याने डबा चेपला होता. छर्रा म्हणजे शिशाचा, कमरेत बारीक, मागची कड फार पातळ. ती कड वाकली की गोळी भरकटते. अलकाताईंनी कार्यालयाचं स्टीलचं ताट मागितलं, ते जरा तिरकं धरलं आणि एकेक छर्रा सोडला. चांगला एकसारखं वळण घेत खाली येई; वाकलेला लंगडत बाजूला जाई. घाई नाही, चिडचिड नाही, आत्यांच्या नावाने एक शब्द नाही. गहू निवडावेत तसे त्यांनी साठावर थोडे निवडले. माझ्याच्याने एवढं झालं नसतं. मी सासूला आधी फोन केला असता.

मग डाव सुरू झाला. नेमबाजी बघायला मजा येत नसेल अशी माझी समजूत होती. ती चूक निघाली. बघण्यासारखं असतं ते गोळी न मारणं. हात वर जायचा, थांबायचा, आणि काहीतरी मनासारखं नसलं की बोट खटक्यावरून काढून हात तसाच खाली यायचा. बाकीच्या पोरी-पोरांचा हात एकदा वर गेला की गोळी सुटायचीच, असं सुभेदार कुजबुजले. यांना हात खाली आणायची लाज वाटत नाही, तेच यांचं बळ.

मध्येच डेकोरेशनवाल्याने बाहेर लोखंडी खुर्च्यांची थप्पी सोडली. धडाड! त्याच क्षणी गोळी सुटली आणि पार कडेला लागली. पाच. हॉलमधल्या सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. अलकाताईंनी पिस्तूल टेबलावर ठेवलं, रुमालाने तळहात पुसला, पाण्याचा घोट घेतला, पुढ्यातल्या टेबलाकडे बघत थोडं थांबल्या. मग दांडी ओढून हवा भरली, छर्रा घातला आणि पुन्हा हात वर केला. पुढच्या कितीतरी गोळ्या नऊ-दहाच्या घरात गेल्या. शेवटच्या गोळीला हात तीनदा वर गेला आणि तीनदा खाली आला. चौथ्यांदा टप्.

सुभेदार कागद घेऊन बसले. काही छिद्रं रेघेला जेमतेम शिवलेली. ती भिंगातून बघायची, शिवली असली तर वरचा गुण. ते एकेक आकडा तोंडातल्या तोंडात मिळवत होते. अलकाताई पाठमोऱ्या उभ्या राहून बॅग भरत होत्या, पिस्तुलात नारिंगी दोरा ओवत होत्या. तो दोनदा नळीबाहेरच गेला.

"पाचशे बावीस," सुभेदार म्हणाले. "नाव पाठवतो, ताई."

मी त्यांना मिठीच मारली. त्या नुसत्या "व्हय का? व्हय का?" म्हणत राहिल्या आणि मग पदराने डोळे टिपले. पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. रिक्षावाला दारातून बघत होता, तोही टाळ्या वाजवत आत आला. त्याने निकालासाठी दुसरं भाडं सोडून दिलं होतं.

बाहेर पायरीवर बसून अलकाताईंनी टोपलीतला फोन चालू केला. चालू होतो न होतो तोच निलेशचा फोन आला. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, कुठंयस? फोन बंद तुझा. ऐक, उद्या दुपारी येतोय तो. पिस्तूल डब्यात घालून ठेव."

"त्याला येऊ नगं म्हनावं."

"का? मोडलं का काय?"

"मोडलं न्हाई."

"मग? मी शब्द दिलाय त्याला. तिथं नुसतं पडून तर आहे."

अलकाताईंनी मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी जवळ ओढली.

"मला लागतंय," त्या म्हणाल्या.